‘आत्ता!’ या एका शब्दाची किंमत: कॅमेऱ्यापासून लांब ठेवलेल्या फ्लॅशचा स्वस्तातला इतिहास

आजचा एपिसोड निम्मा इतिहासाचा आहे आणि निम्मा सर्किटचा. विषय असा की फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावरून उतरवून बाजूला ठेवायचा, तरीही तो अगदी नेमक्या क्षणी उडाला पाहिजे, आणि हे सगळं खिशाला परवडलं पाहिजे. लोकलच्या गर्दीत इअरफोन असूनही ज्यांना काही ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी हे शब्दांकन. बोललो तसंच ठेवलंय, फक्त मधले ‘अं’ काढलेत.

आधी एक साधी गोष्ट. कॅमेऱ्यावर बसवलेला फ्लॅश समोरच्या चेहऱ्यावर सरळ आदळतो. नाक चपटं दिसतं, कपाळ चमकतं, मागच्या भिंतीवर काळी सावली पडते. आधार कार्डावरचा फोटो आठवा. तोच फ्लॅश दोन हात बाजूला आणि थोडा वर धरला की चेहऱ्याला खोली येते. दिवा तोच, वीज तीच, फक्त जागा बदलली. म्हणजे फुकटात फोटो सुधारला!

पण पूर्ण फुकटात नाही. फ्लॅश कॅमेऱ्यापासून सुटला की त्याला कुणीतरी सांगावं लागतं, ‘आत्ता!’ आजचा सगळा एपिसोड या एका शब्दाबद्दल आहे. आपल्या भाषेत बोलायचं तर हा एक बिटचा मेसेज. शून्य किंवा एक. इतका छोटा निरोप पोचवायला दीडशे वर्षं का लागली, आणि त्याला इतके पैसे का मोजावे लागले? माझं म्हणणं असं आहे की निरोप कधीच महाग नव्हता. महाग होता तो निरोपावरचा भरवसा.

जेव्हा ‘आत्ता’ची गरजच नव्हती

१८५९ साली बुन्सेन आणि रॉस्को या दोन शास्त्रज्ञांनी सुचवलं की मॅग्नेशियम जळताना जो प्रखर प्रकाश पडतो, तो फोटोग्राफीला उपयोगी पडेल. बुन्सेन म्हणजे शाळेच्या प्रयोगशाळेतल्या बर्नरवाला. पुढच्या पाच-सहा वर्षांत लोक मॅग्नेशियमच्या फिती जाळून फोटो काढू लागले. १८६५ मध्ये पियाझी स्मिथ या खगोलशास्त्रज्ञाने इजिप्तच्या मोठ्या पिरॅमिडच्या आत, मिट्ट काळोखात, मॅग्नेशियमच्या उजेडावर फोटो घेतले.

मग १८८७ साली जर्मनीत आडोल्फ मीथे आणि योहानेस गेडिके यांनी फ्लॅश पावडर काढली. मॅग्नेशियमच्या भुकटीत पोटॅशियम क्लोरेट आणि अँटिमनी सल्फाइड. ठिणगी लावली की भक्कन उजेड. दिवाळीत जे आपण अंगणात करतो, तेच थोड्या शिस्तीत.

ही बातमी न्यूयॉर्कमध्ये जेकब रीस नावाच्या माणसाने वाचली. डेन्मार्कहून आलेला स्थलांतरित, पोलिसांच्या बातम्या देणारा वार्ताहर. झोपडपट्टीवजा चाळींमध्ये माणसं कशी कोंबलेली असतात हे तो लिहून लिहून थकला होता, आणि वाचणारे लोक नुसते मान हलवत होते. तिथे रात्री फोटो काढायला उजेडच नव्हता. पावडरीने तो दिला. सुरुवातीला पिस्तुलासारख्या हत्यारातून पावडरीची काडतुसं उडवायची असा प्रकार होता. अंधारात अनोळखी माणूस पिस्तूल रोखून उभा राहिला तर लोक काय करतील, ते तुम्हीच ठरवा. मग रीसने सरळ तळायचा पॅन घेतला आणि त्यात पावडर पेटवायला सुरुवात केली. या उद्योगात दोन वेळा घराला आणि एकदा स्वतःला आग लावून घेतल्याचं त्याने नंतर स्वतःच लिहून ठेवलंय. त्यातून १८९० मध्ये ‘हाऊ द अदर हाफ लिव्ह्ज’ हे पुस्तक आलं आणि शहराला आपल्याच पोटातला अंधार बघावा लागला. एक गोष्ट मात्र इथे बोलायलाच हवी. झोपेतून दचकून उठलेल्या त्या माणसांना ‘फोटो काढू का?’ असं बऱ्याचदा कुणी विचारलं नव्हतं. चांगल्या कामासाठी काढलेला फोटोसुद्धा कुणाच्या तरी तोंडावर उडवलेला स्फोट होता.

आता यातली तांत्रिक गंमत बघा. रीसला ट्रिगर लागला नाही. पद्धत सोपी होती. अंधार आहे ना, मग लेन्सचं झाकण काढून ठेवा. उजेडच नाही, तर प्लेटवर काही उमटणारच नाही. मग पावडर उडवा. तेवढ्या क्षणात चित्र उमटतं. झाकण परत लावा. याला ‘ओपन फ्लॅश’ म्हणतात. कॅमेरा आणि फ्लॅश यांनी एकमेकांशी एक शब्दही बोलायचा नाही. शिवाय फ्लॅश कॅमेऱ्यापासून लांबच असायचा, कारण जळती पावडर कॅमेऱ्याच्या डोक्यावर ठेवणार कोण? म्हणजे फ्लॅशचा जन्मच मुळी कॅमेऱ्याबाहेर झाला. कॅमेऱ्यावर बसवणं ही नंतरची सोय.

वायर: भरवशाची, पण पायात येणारी

१९२९ मध्ये जर्मनीत ‘व्हॅक्युब्लिट्झ’ नावाचा फ्लॅशबल्ब बाजारात आला. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये ‘साशालाइट’. काचेच्या बल्बमध्ये ॲल्युमिनियमची पातळ वर्खासारखी फॉइल आणि ऑक्सिजन. वीज सोडली की आतल्या आत जळणार. धूर नाही, आग नाही, पण एका फोटोला एक बल्ब. वापरा आणि फेका.

बल्ब विजेवर चालतो, म्हणजे आता त्याला कॅमेऱ्याच्या बटणाशी जोडता येतं. आणि इथून ‘आत्ता’चा प्रश्न सुरू झाला. कारण बल्ब पेटवल्याबरोबर पूर्ण तेजाने जळत नाही. त्याला साधारण २० मिलिसेकंद लागतात. शटर त्याआधी उघडून मिटलं तर फोटो काळा. म्हणून शटर बनवणाऱ्यांनी आधी बल्बला वीज द्यायची, मग जरा थांबून शटर उघडायचं अशी सोय केली. घरात आजोबांचा जुना कॅमेरा असेल तर त्यावर ‘एम’ आणि ‘एक्स’ अशी दोन अक्षरं सापडतील. ‘एम’ म्हणजे बल्बसाठी, थांबून. ‘एक्स’ म्हणजे इलेक्ट्रॉनिक फ्लॅशसाठी, न थांबता.

जिथे वायर खोचायची त्या छोट्या गोल भोकाला ‘पीसी सॉकेट’ म्हणतात. कॉम्प्युटरशी काही संबंध नाही, बरं का! प्राँटर आणि कॉम्पूर या दोन जर्मन शटरांच्या नावांची ही आद्याक्षरं. आजही महागड्या कॅमेऱ्यांवर ते भोक असतं.

वायरीने काय करता येतं हे बघायचं तर ओ. विन्स्टन लिंक. हा गृहस्थ शिकलेला सिव्हिल इंजिनिअर, १९३७ चा पदवीधर, पण पोट भरलं जाहिरातींच्या फोटोग्राफीवर. १९५५ ते १९६० या काळात तो अमेरिकेतल्या नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेच्या मागे लागला, कारण वाफेची इंजिनं आता जाणार हे दिसत होतं. त्याने फोटो घेतले मुख्यतः रात्री. सूर्य कुठे ठेवायचा हे आपल्या हातात नसतं, पण फ्लॅश कुठे ठेवायचा हे आपण ठरवू शकतो, हा त्याचा हिशेब. ऑगस्ट १९५६ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या आयगर गावी त्याने एक फोटो घेतला. पुढे ओपन-एअर थिएटर, गाड्यांमध्ये बसून सिनेमा बघणारे लोक, पडद्यावर विमान आणि मागून धडधडत जाणारी गाडी. त्यासाठी चाळीसहून जास्त बल्ब, सगळे वायरींनी जोडलेले, एकाच बटणावर. एवढ्या प्रकाशात सिनेमाचा पडदा धुऊन निघाला, म्हणून ते विमान त्याने नंतर वेगळं जोडलं.

त्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. अंधारात, रुळांच्या कडेने वायरी पसरल्यात. गाडी एकदाच जाणार. तीन-चार तासांची तयारी आणि एक क्लिक. कुठे एक जोड सैल राहिला तर रात्र वाया. बल्ब, वायर आणि बॅटरी हा फार मोठा खर्च नव्हता. खर्च होता प्रत्येक जोड पुन्हा पुन्हा तपासण्यात. भरवसा पैशाने नाही तर मेहनतीने विकत घ्यावा लागत होता.

दोन टोकं जुळवा, बस्स

याच्या आधीच, १९३१ च्या सुमाराला, एमआयटीमध्ये हॅरॉल्ड एजर्टन नावाचा इलेक्ट्रिकल इंजिनिअर फिरत्या मोटारी ‘थांबवून’ बघायचा प्रयत्न करत होता. त्याने वायू भरलेल्या नळीतून विजेचा झटका सोडून अतिशय छोटा, पुन्हा पुन्हा मारता येणारा प्रकाश तयार केला. दुधाचा थेंब पडून मुकुटासारखा उसळतो तो प्रसिद्ध फोटो त्याचाच. त्याच कॉलेजात शिकलेला ज्यॉन मिली हे तंत्र घेऊन ‘लाइफ’ मासिकात गेला आणि नाचणाऱ्या, पळणाऱ्या माणसांचे फोटो कॅमेऱ्याबाहेरच्या फ्लॅशने घेऊ लागला. आज कुठल्याही फ्लॅशमध्ये जे आहे ते हेच.

आत काय होतं ते समजून घेऊ, कारण स्वस्ताईचं गुपित इथे आहे. फ्लॅशमध्ये एक मोठा कपॅसिटर साधारण ३०० व्होल्टपर्यंत भरलेला असतो. तो झेनॉनच्या नळीला जोडलेला असतो, पण नळीतून वीज वाहत नाही, कारण वायू वीज वाहू देत नाही. मग एक छोटी कॉइल नळीला क्षणभर काही हजार व्होल्टचा चिमटा काढते. वायूची अवस्था बदलते, वाट मोकळी होते आणि कपॅसिटर एका दमात रिकामा होतो. पूर्ण ताकदीवर हे सेकंदाच्या हजाराव्या भागात संपतं, कमी ताकदीवर त्याच्याही वीसावा भाग.

हा चिमटा काढायला बाहेरून काय लागतं? फक्त दोन टोकं एकमेकांना टेकवायला लागतात. फ्लॅशच्या बुडाशी मधला गोल ठिपका आणि कडेची पट्टी. दोन्ही जोडली की फ्लॅश उडतो. कॅमेरा नेमकं एवढंच करतो. म्हणजे वायर, रिले, फोटोसेल, रेडिओ, काहीही चालेल. दोन टोकं जुळवणारा कुणीही फ्लॅशचा मालक होऊ शकतो. बंद खोलीत आतून बोलायला भाषाच लागत नाही, दारावर एक टकटक पुरते.

इथे एक सावधगिरी. जुन्या फ्लॅशमध्ये या दोन टोकांवर थेट मोठा व्होल्टेज असायचा. काही जुन्या विव्हिटार २८३ वर २०० व्होल्टच्या वर मोजलेलं आहे. धातूची पाती टेकवणाऱ्या जुन्या कॅमेऱ्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. आजच्या कॅमेऱ्यात तिथे इलेक्ट्रॉनिक स्विच असतो. आयएसओच्या १०३३० क्रमांकाच्या मानकात २४ व्होल्टची मर्यादा धरलेली आहे. जुन्या बाजारातून फ्लॅश घेतलात तर आधी तो चार्ज करा, मल्टिमीटर डीसीवर लावून ठिपका आणि पट्टी यांच्यामधलं व्होल्टेज मोजा. २४ च्या वर दिसलं तर कॅमेऱ्यावर चढवू नका. मल्टिमीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो, कॅमेऱ्याचं सर्किट नाही.

प्रकाशच निरोप घेऊन जातो

वायर पायात येते. लग्नाच्या हॉलमध्ये तर येतेच येते. मग पुढची युक्ती अशी की एक छोटा फ्लॅश कॅमेऱ्यावर उडेल आणि त्याचा प्रकाश बघून लांबचा मोठा फ्लॅश उडेल. प्रकाश ओळखायला फोटोसेल, आणि दोन टोकं जुळवायला एससीआर, म्हणजे असा स्विच जो इशारा मिळाला की लगेच चालू होतो. जनरल इलेक्ट्रिकने तो १९५७ मध्ये आणला. मूठभर भाग, छोटी डबी, बॅटरीसुद्धा लागेलच असं नाही. याला ‘ऑप्टिकल स्लेव्ह’ म्हणतात. स्टुडिओतले दिवे अनेक वर्षं यावरच चालले. वेगाचा प्रश्नच नाही, प्रकाशाहून वेगवान काय असणार?

प्रश्न वेगळाच निघाला. या डबीला कुणाचा प्रकाश आपला आणि कुणाचा परका हे कळत नाही. स्टुडिओत एकच फोटोग्राफर असतो. लग्नात मामा, मावशी, नवरदेवाचे मित्र, सगळे कॅमेरे घेऊन उभे. कुणीही फ्लॅश मारला की तुमचा फ्लॅश उडाला. तुम्ही बटण दाबाल तेव्हा तो अजून चार्ज होतोय. बाहेर उन्हात तर त्याला काही दिसतच नाही.

मग डिजिटल काळात दुसरी पंचाईत आली. कॅमेरे खऱ्या फ्लॅशच्या आधी एक हलका ‘प्री-फ्लॅश’ मारून उजेड मोजू लागले. हे समजायला आपल्याकडचं उत्तम उदाहरण आहे. मंगलाष्टकं चालू आहेत. प्रत्येक कडव्याच्या शेवटी ‘सावधान’ येतं आणि अक्षता पडतात, पण अंतरपाट सरकतो तो शेवटच्या ‘सावधान’ला. पहिल्याच ‘सावधान’ला सगळी मूठ रिकामी करणारा एखादा पाहुणा असतोच. साधा ऑप्टिकल स्लेव्ह म्हणजे तो पाहुणा. प्री-फ्लॅशला उडून मोकळा, आणि खऱ्या क्षणी हात रिकामे. म्हणून आता फ्लॅशवर ‘एस१’ आणि ‘एस२’ असे दोन पर्याय असतात. ‘एस१’ पहिल्याच झगमगाटाला उडतो. ‘एस२’ तो सोडून देतो आणि पुढच्याला उडतो. मूठ राखून ठेवणारा पाहुणा.

कंपन्यांनी निरोप लांबवला

दरम्यान मोठ्या कॅमेरा कंपन्यांनी वेगळी वाट धरली. फ्लॅशने किती प्रकाश टाकायचा हे कॅमेरा स्वतः मोजून ठरवेल, याला टीटीएल म्हणतात. सोय उत्तम, यात वाद नाही. पण त्यासाठी एका ठिपक्याचे चार-पाच ठिपके झाले आणि प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी. कॅननचा फ्लॅश निकॉनशी बोलेना. लांबच्या फ्लॅशशी बोलायचं तर त्याच कंपनीची महाग केबल, किंवा त्याच कंपनीचा महाग फ्लॅश. कॅननने १९९८ मध्ये ५५०ईएक्स या फ्लॅशबरोबर आणि निकॉनने २००३ मध्ये एसबी-८०० बरोबर जी वायरलेस व्यवस्था आणली, तीही प्रकाशाच्या लुकलुकण्यावरच चालायची. म्हणजे कोपऱ्याआड गेलात की संपलं.

रेडिओचा पर्याय होता. पॉकेटविझार्ड नावाचे ट्रिगर व्यावसायिक लोक वापरायचे आणि डोळे मिटून भरवसा ठेवायचे. पण एका नगाची किंमत दोनशे डॉलरच्या आत-बाहेर, आणि लागतात कमीत कमी दोन. २००६ मध्ये डॉलर साधारण ४५ रुपयांना होता. हिशेब केलात तर सोळा-अठरा हजार, कस्टम वेगळा. एका बिटसाठी! जिल्ह्याच्या गावात लग्नाचे फोटो काढणाऱ्या माणसाला हे पैसे कॅमेऱ्यात घालावे लागत होते. म्हणजे तो फ्लॅश डोक्यावरच ठेवायचा, आणि नवरीचं कपाळ चमकतच राहायचं.

बंड जुन्या फ्लॅशचं

२००६ च्या वसंतात डेव्हिड हॉबी या माणसाने ‘स्ट्रोबिस्ट’ नावाचा ब्लॉग सुरू केला. हा ‘बाल्टिमोर सन’ या वर्तमानपत्राचा फोटोग्राफर. त्याचं म्हणणं एका ओळीत मावतं: स्टुडिओचे मोठे दिवे विसरा, छोटे फ्लॅश घ्या, कॅमेऱ्यावरून उतरवा आणि ताकद हाताने लावा. धडे फुकट होते. जगभरचे हौशी लोक अचानक निकॉनचे जुने एसबी-२४, एसबी-२६, एसबी-२८ शोधू लागले. ऐंशी-नव्वदच्या दशकातले हे फ्लॅश नव्या डिजिटल कॅमेऱ्यांच्या दृष्टीने टाकाऊ होते, कारण नवी टीटीएल भाषा त्यांना येत नव्हती. पण त्यांना एक बिट कळत होता, आणि ताकद पूर्ण, अर्धी, पाव अशी हाताने लावता येत होती. १९९४ च्या एसबी-२६ मध्ये तर ऑप्टिकल स्लेव्ह आतच बसवलेला होता.

मला यातला विचार आवडतो, आणि तो कोड लिहिणाऱ्याला लगेच कळेल. कंपन्या प्रोटोकॉल वाढवत होत्या. या लोकांनी सगळा प्रोटोकॉल फेकून दिला आणि सगळ्यात खालच्या पातळीवर गेले. मेसेज एकच: आत्ता. बाकीचं डोकं माणसाचं. फ्लॅश दुप्पट लांब नेला की प्रकाश पाव होतो, हे एकदा अंगवळणी पडलं की टीटीएल नसल्याचं फार दुःख होत नाही.

पण ‘आत्ता’ पोचवणार कसा? वायर होतीच. मग हाँगकाँगहून ईबेवर तीसेक डॉलरचे रेडिओ ट्रिगर येऊ लागले. लोक त्यांना नुसतं ‘ईबे ट्रिगर’च म्हणायचे. साधा ट्रान्समीटर, साधा रिसीव्हर, छोटे स्विच सरकवून चॅनल बदलायचा. घराच्या वायरलेस बेलचा हा चुलत भाऊ. चालायचे, पण कधी कधी नाही चालायचे. कधी तर आपणहून उडायचे. लोकांनी ॲन्टेना बदलून बघितल्या, सोल्डरिंग केलं, एकमेकांना फोटो पाठवले.

का नाही चालायचे? रेडिओची लाट दहा मीटर जायला काही नॅनोसेकंद घेते, वेळ तिथे जात नाही. हवेत इतर शेकडो उपकरणं बडबडत असतात. नुसता एक बिट पाठवला तर शेजारच्या गाडीच्या किल्लीनेही तुमचा फ्लॅश उडेल. म्हणून एका बिटच्या आधी ओळख सांगावी लागते: मी अमुक चॅनलवाला, हा निरोप तुझ्यासाठी. ओळख लांब केली तर गोंधळ कमी, पण वेळ जास्त. आणि वेळ तर नाहीच. कॅमेऱ्यात दोन पडदे असतात. १/२०० सेकंद म्हणजे ५ मिलिसेकंद, पण त्यात दोन्ही पडदे बाजूला होऊन सेन्सर पूर्ण उघडा असतो तो त्याहून खूपच कमी वेळ. निरोप थोडा उशिरा पोचला की दुसरा पडदा मध्ये आलेला असतो आणि फोटोच्या कडेला काळी पट्टी. म्हणून स्वस्त ट्रिगरवाले १/१६० वर काम करायचे.

आता भरवशाचा हिशेब करू. समजा एक ट्रिगर शंभरपैकी पंचाण्णव वेळा चालतो. ऐकायला बरं वाटतं. दोन फ्लॅश लावले तर दोन्ही एकत्र उडण्याची शक्यता नव्वदच्या आसपास येते. तीन लावले तर साधारण शहाऐंशी. घरात फळांचा फोटो काढताना दहातले दीड फुकट गेले तर पुन्हा काढू. पण अंतरपाट एकदाच पडतो. त्या एका सेकंदासाठी कुणीतरी तुम्हाला पैसे दिलेत आणि त्यांना तो फोटो पन्नास वर्षं बघायचाय. पॉकेटविझार्डचे ते जास्तीचे पैसे याच उरलेल्या पाचांचे होते.

स्वस्ताई भलत्याच रस्त्याने आली

हा प्रश्न फोटोग्राफीवाल्यांनी सोडवलाच नाही! १९८५ मध्ये अमेरिकेच्या एफसीसीने काही रेडिओपट्टे विनापरवाना वापरायला मोकळे केले. त्यातला एक २.४ गिगाहर्ट्झचा. मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथेच चालतात, म्हणून तो पट्टा कचऱ्यात जमा होता. त्या कचऱ्यात वायफाय उगवलं, ब्लूटूथ उगवलं, वायरलेस माऊस उगवले. भारतातही २००५ च्या नियमांनी कमी ताकदीच्या उपकरणांसाठी हा पट्टा परवानामुक्त झाला. कोट्यवधी माऊस आणि कीबोर्डसाठी बनणाऱ्या चिप स्वस्त होत गेल्या. आणि या चिप वेगाने बोलतात. ओळख, चॅनल, तपासणी, सगळं उरकून निरोप मिलिसेकंदाच्या आत पोचवतात. ईबे ट्रिगरसमोरची अडचण, म्हणजे ओळख लांब की वेळ कमी, ती सुटून गेली.

२०१० च्या आसपास चीनमधल्या योंगनुओचे आरएफ-६०२, मग आरएफ-६०३ आले. जुन्या ईबे ट्रिगरच्याच किमतीच्या घरात, पण भरवशाचे. पुढच्या वायएन-५६० थ्री या फ्लॅशमध्ये तर रेडिओ रिसीव्हर आतच बसवला. कॅननने २०१२ मध्ये ६००ईएक्स-आरटी या महागड्या फ्लॅशमध्ये रेडिओ आणला. म्हणजे ही सोय वरच्या आणि खालच्या बाजारात जवळपास एकाच काळात पोचली, असं क्वचित घडतं. २०१६ मध्ये गोडॉक्सचा टीटी६०० आला, पासष्ट डॉलरच्या आसपास, रेडिओ आत, ताकद कॅमेऱ्यावरच्या ट्रिगरवरून बदलता येते. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात आज कुठल्याही दुकानात विचारा, हेच किंवा याची भावंडं समोर ठेवतील. लग्नाच्या हॉलमध्ये खांबाला बांधलेला एखादा छोटा फ्लॅश दिसला तर समजा, त्याच्या पोटात तुमच्या माऊसचा नातेवाईक आहे.

मग आज काय घ्यायचं?

हा इतिहास म्हणजेच खरेदीची यादी आहे, पायरीपायरीने.

शून्य रुपयांची पायरी: ओपन फ्लॅश. कुणाकडून तरी फ्लॅश उसना घ्या.

दुसरी पायरी वायर. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. तुमच्या फ्लॅशला ३.५ मिलिमीटरचं भोक असेल तर काम आणखी सोपं. घरात, टेबलावर वस्तूंचे फोटो काढायला वायरीइतकं भरवशाचं काही नाही. बॅटरी नको, चॅनल नको.

तिसरी ऑप्टिकल. कॅमेऱ्यात छोटा फ्लॅश आत असेल तर तो मॅन्युअलवर, सगळ्यात कमी ताकदीवर ठेवा आणि लांबचा ‘एस१’वर. बंद खोलीत मस्त चालतं. लग्नात नको, कारण आता तुम्हाला माहितीय.

चौथी रेडिओ. पैसे घेऊन काम करणार असाल तर थेट इथेच या. आणि जाण्याआधी घरी शंभर फ्लॅश मारून मोजा किती उडाले. कंपनी काय म्हणते त्यापेक्षा हा आकडा महत्त्वाचा. बॅटऱ्या उतरलेल्या असतील तर भारीतला भारी ट्रिगरही मुका होतो.

आणि ज्यांच्याकडे फक्त फोन आहे त्यांच्यासाठी. फोनचा ‘फ्लॅश’ बहुतेक वेळा झेनॉन नसतो, एलईडी असतो. झेनॉनवाले फोन झाले, २०१२ चा नोकिया ८०८, २०१३ चा ल्युमिया १०२०, पण ते मागे पडले. फोनचा सेन्सर ओळी-ओळीने वाचला जातो आणि बाहेरच्या फ्लॅशला ‘आत्ता’ सांगायला त्याच्याकडे टोकंच नाहीत. मग? रीसकडे जा. खोलीत अंधार करा. फोन पुस्तकांच्या गठ्ठ्याला टेकवून स्थिर ठेवा. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये आयएसओ १००, शटर ४ सेकंद. नाइट मोड नको, तो अनेक फोटो जोडतो. तीन सेकंदांचा टायमर लावा. शटर उघडलं की उसना आणलेला फ्लॅश हातात धरून, बाजूने, त्यावरचं ‘टेस्ट’ बटण दाबा. ताकद कमी ठेवा, १/३२ च्या आसपास, कारण फोनची लेन्स मोठी उघडी असते. एकदा डावीकडून मारा, एकदा उजवीकडून. वाटलं तर एकाच फोटोत दोनदा मारा, दोन फ्लॅश असल्यासारखं दिसेल.

एवढंच, की समोर माणूस बसवणार असाल तर आधी विचारा, आणि ‘आता उजेड पडेल’ असं सांगा. तळायचा पॅन स्वयंपाकघरातच राहू द्या. तुमचे फोटो पाठवा, पुढच्या भागात त्यांच्याबद्दल बोलूया. भेटू!